कालच काढून ठेवलेली पुस्तकं

चौथ्या कपाटाच्या दुसऱ्या फळीला कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती. निळ्या शाईत, गोल वळणाच्या अक्षरात '३९८.२' आणि खाली 'लोककथा'. पुस्तकं लावण्याआधी फळी पुसून घ्यावी म्हणून मी फडकं फिरवलं, तर फडकं जसंच्या तसं कोरं राहिलं. धूळ नव्हतीच. खालच्या फळीवर फिरवलं, तिथेही नाही. आम्ही एकाच कंपनीतले बेचाळीस स्वयंसेवक होतो, सगळ्यांच्या अंगात एकाच पोपटी रंगाचे टी-शर्ट, आणि सकाळपासून बसमध्ये हेच ऐकत आलो होतो की मुलांच्या या वाचनालयाची पार दैना झाली आहे, आज आपण ते उभं करून देणार आहोत. हॉलच्या मधोमध सतरंजीवर पुस्तकांचा कमरेएवढा ढीग होता. ढिगाकडे पाहिलं की दैना दिसत होती आणि कपाटांकडे पाहिलं की दिसत नव्हती.

वाचनालय सांभाळणाऱ्या ताई दाराशी उभ्या होत्या. मी फडकं हातात घेऊनच त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, "ताई, कपाटं नवीन आहेत का?" त्यांनी आधी आमच्या लीडकडे एक नजर टाकली, तो फोटोत गुंतलेला होता. मग हळूच म्हणाल्या, "नाही हो मॅडम, जुनीच आहेत. पुस्तकं लावलेलीच होती. तुम्ही येणार म्हणून काल संध्याकाळी काढून ठेवली. एवढ्या माणसांना काम तर पाहिजे ना." आवाजात तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी खाटा सरकवून जागा केली, इतक्या सहजपणे त्या सांगत होत्या. आणि लगेच, माझा चेहरा पाहून असावं, "तुम्ही लावा, छान लागतायत," असंही म्हणाल्या.

मी लावत राहिले.

यातलंच मला सगळ्यात जास्त खुपतं. मी कुणाला काही बोलले नाही. समोरच्या मुली ढिगातून पुस्तकं उपसत होत्या, कुणीतरी मोबाइलवर गाणी लावली होती, आणि आमच्या डिझाइन टीममधल्या एकाला कल्पना सुचली की पुस्तकं रंगांनुसार लावली तर कपाट इंद्रधनुष्यासारखं दिसेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दीड तासात खरोखरच इंद्रधनुष्य तयार झालं. ५२० चं खगोलशास्त्र ३९८ च्या लोककथांना खेटून बसलं, कारण दोघांच्याही पाठी निळ्या होत्या. व्याकरण आणि सस्तन प्राणी दोघंही हिरव्यात गेले. लाल पुस्तकं कमी पडली तेव्हा एका जाड शब्दकोशाच्या तीन प्रतींचा गठ्ठा फोडून ती जागा भरली. ताई बघत होत्या. त्यांचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे गेला. नंतर कळलं की सगळं पुन्हा क्रमाने लावायला त्यांना आणि त्यांच्या मदतनीस मुलीला तीन दिवस लागले. म्हणजे काढायला एक संध्याकाळ आणि लावायला तीन दिवस, आणि मध्ये आमची चार तासांची समाजसेवा.

दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयाला क्रमांक देऊन त्या क्रमाने पुस्तकं लावायची पद्धत, आमच्यातल्या कुणाला माहीत नसावी, याचं तेव्हा आश्चर्य वाटलं. आता वाटत नाही. डेटा कसा रचायचा, कुठल्या रकान्यावर इंडेक्स टाकायचा, शोध लवकर कसा लागेल, यावर आम्ही दिवसभर वाद घालतो, आणि ज्या पद्धतीने १८७६ पासून जगभरची वाचनालयं नेमकं तेच करत आली तिच्या पट्ट्या आमच्या नाकासमोर होत्या. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे जे पाच नियम मांडले, त्यातला चौथा आहे: वाचकाचा वेळ वाचवा. आम्ही वेळ द्यायला गेलो होतो. तो कुणाचा वाचला, हे विचारायचं राहून गेलं.

माझी पुढे लिहायची टाळाटाळ चाललीये, म्हणून आधी एक जुनी गोष्ट सांगते. मी चौथीत असताना आमच्या शाळेत एका कंपनीने वह्या वाटल्या होत्या. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याच्या, आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात फिकट निळ्या रंगात कंपनीचं चिन्ह. आम्हाला रांगेत उभं केलं. साहेबांच्या हातून वही घ्यायची, पुठ्ठा पुढे करून धरायची, कॅमेऱ्याकडे बघायचं, हसायचं, पुढे सरकायचं. माझी पाळी झाली, मी जागेवर जाऊन बसले, नव्या वहीचा तो करकरीत वास घेत होते आणि बाई आल्या. कॅमेऱ्यात काहीतरी बिघडलं होतं. सगळ्यांच्या वह्या परत गोळा केल्या, रांग पुन्हा लागली, आणि साहेबांनी तेवढ्याच प्रेमाने पुन्हा वह्या दिल्या. एकच वही मला दोनदा मिळाली. गंमत म्हणजे मला त्याचा राग नव्हता आला. वही चांगली होती, मी ती वर्षभर पुरवून वापरली, शेवटच्या पानांवर शुद्धलेखन लिहिलं. फक्त दुसऱ्या वेळी हसताना गालाला जे काहीतरी वेगळं वाटलं होतं, ते अजून आठवतं. ताईंनी "छान लागतायत" म्हटलं तेव्हा त्यांच्या गालावर मला तेच दिसलं.

आता टाळाटाळ संपली. त्या ढिगाचं मूळ माझ्या एका ईमेलमध्ये होतं. कंपनीच्या स्वयंसेवा समितीवर मी दोन वर्षं होते, आणि संस्थांना जायचं पत्र मीच लिहिलं होतं. मला ते जवळजवळ पाठ आहे. उपक्रम एका दिवसात पूर्ण होणारा असावा. किमान चाळीस जणांना एकाच वेळी सामावून घेता यावं. विशेष कौशल्य लागू नये. दृश्य बदल दिसावा. शेवटची अट म्हणजे आधीचा आणि नंतरचा फोटो, हे संस्थांना सांगावं लागत नाही. अशा चार अटींत बसणारी कामं जगात किती असतील? भिंत रंगवणं, रोपं लावणं, वस्तूंची पाकिटं भरणं आणि पुस्तकं लावणं. भिंत नुकतीच कुणीतरी रंगवून गेलं होतं. तेव्हा ताईंनी मी मागितलं ते अगदी अचूक दिलं. आमच्या धंद्यात याला ग्राहकाच्या गरजेप्रमाणे काम करणं म्हणतात. फक्त ग्राहक आम्ही होतो.

समितीवर असल्यामुळे या सगळ्याचा इतिहासही थोडाफार चाळला होता. नव्या लोकांसमोर स्लाइड दाखवायची असे, तिच्यात तारखा टाकायला बऱ्या पडायच्या. कर्मचाऱ्याने जेवढं दिलं तेवढंच कंपनीने वर घालायचं, ही 'मॅचिंग'ची पद्धत जनरल इलेक्ट्रिकने १९५४ मध्ये सुरू केली, तीही कर्मचाऱ्यांच्या जुन्या कॉलेजांसाठी. मायक्रोसॉफ्टमध्ये कर्मचाऱ्यांच्या देणगीची मोहीम १९८३ पासून चालते. सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीने १९९९ मध्ये कंपनी काढतानाच एक टक्का भागभांडवल, एक टक्का उत्पादन आणि एक टक्का वेळ बाजूला काढायचं ठरवलं. तिथल्या माणसाला वर्षाला सात दिवस पगारी रजा फक्त समाजकामासाठी मिळते. त्याच धर्तीवर २०१४ मध्ये 'प्लेज वन पर्सेंट' नावाची चळवळ निघाली. स्लाइडवर न टाकलेली एक गोष्ट मात्र मला जास्त आवडायची. बिल गेट्स यांच्या आई मेरी गेट्स 'युनायटेड वे' या धर्मादाय संस्थेच्या राष्ट्रीय मंडळावर होत्या, आणि आयबीएमचे जॉन ओपेल त्याच मंडळावर होते. १९८० मध्ये मेरीबाईंनी त्यांच्यापाशी मुलाच्या छोट्या कंपनीचा विषय काढला आणि पुढे आयबीएमच्या पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टीम पुरवायचं ते प्रसिद्ध काम मायक्रोसॉफ्टला मिळायला त्याचा हातभार लागला, असं सांगितलं जातं. कितपत लागला कुणास ठाऊक. पण समाजसेवेच्या टेबलाभोवती बसलेली माणसं एकमेकांना काय काय देऊन जातात, ते अहवालात कधीच येत नाही.

अहवालात तास येतात. त्या दिवशी निघताना ताईंनी एका कागदावर सही केली: उपस्थित बेचाळीस, प्रत्येकी चार तास, एकूण १६८. अमेरिकेत 'इंडिपेंडंट सेक्टर' ही संस्था दरवर्षी स्वयंसेवकाच्या एका तासाची अंदाजे किंमत काढते, २०२३ साठी ती ३३.४९ डॉलर होती. मोठ्या कंपन्यांच्या अहवालांत हा गुणाकार सर्रास असतो. मी एका रात्री झोप येत नव्हती म्हणून आमचाही करून पाहिला. साडेपाच हजार डॉलरच्या वर गेला. मग ताईंची संध्याकाळ, त्यांचे तीन दिवस, मुलांचे वाचनाशिवाय गेलेले ते दिवस, सुट्टीच्या वारी सकाळी सातला येऊन दार उघडणारा शिपाई, आमच्यासाठी मुद्दाम थांबवून ठेवलेली पंधरा मुलं, हे सगळं वजा करायला घेतलं तर त्यांच्या तासांची किंमत काय धरायची तेच ठरेना. त्यांच्या कागदावर त्यांच्या तासांना रकाना नव्हता. त्या दिवशी आमच्यासाठी कुणी किती श्रमदान केलं, हे कुणी मोजलंच नव्हतं.

एवढं लिहिल्यावर वाटेल की मी हे सगळंच थोतांड ठरवायला बसले आहे. तसं नाही, आणि त्याला कारण आमच्या टेस्टिंगमधला एक अबोल मुलगा आहे. सगळे इंद्रधनुष्य लावत असताना तो कोपऱ्यातल्या चार संगणकांपाशी जाऊन बसला. ते संगणक आमच्याच कंपनीने आदल्या वर्षी दिलेले, म्हणजे आमच्याकडून बाद झालेले. ताई म्हणाल्या, नेट बंद आहे, चार महिने झाले, कुणाला तरी दाखवायचंय. नेट बंद नव्हतं. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती, त्यामुळे संगणक बंद करून चालू केला की त्याचं घड्याळ दहा-बारा वर्षं मागे जाऊन बसायचं. आणि संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रं ठरावीक मुदतीची असतात. एवढ्या जुन्या तारखेला ब्राउझर समजतो की या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही, आणि दार लावून घेतो. मुलांना पडद्यावर फक्त लाल इशारा दिसायचा. हा मुलगा बाहेर जाऊन सीआर-२०३२ च्या चार बॅटऱ्या घेऊन आला, खिशातल्या चाकूच्या टोकाने जुन्या उचकटल्या, नव्या बसवल्या, तारखा लावल्या. मग पाठीमागे उभ्या असलेल्या एका मुलीला बोलावून पाचवा संगणक तिच्याकडून उघडून घेतला. म्हणजे चारच होते म्हटलं ना, पाचवा कपाटामागे होता, 'मेलेला' म्हणून ठेवून दिलेला. तोही उठला. ग्रुप फोटोत हा मुलगा नाही. हाक मारली होती, त्याला ऐकू गेली नसावी, किंवा गेली असावी.

त्याला मी परत येताना विचारलं, स्वयंसेवेचे तास नोंदवायच्या कंपनीच्या पोर्टलवर काय भरलंस? तो म्हणाला, "तास चार. लाभार्थी संख्या विचारतं, शून्य घेत नाही. एक टाकलं." कोण एक, तर ती मुलगी. तिने स्क्रू कुठे ठेवायचे ते त्याला सांगितलं होतं, झाकणात ठेवा म्हणजे हरवत नाहीत.

पैशाचीही गोष्ट अशीच अडनिडी आहे. एकदा मी ताईंना धीर करून विचारलं की तुम्ही नाही का म्हणत नाही. त्या म्हणाल्या, "चेक आणि माणसं एकाच गाडीतून येतात, मॅडम. माणसं नको म्हटलं तर गाडीच वळते." आणि चेक तरी कशासाठी येतो? नव्या कपाटांसाठी येतो, उद्घाटन करता येईल अशा खोलीसाठी येतो. वीजबिलासाठी येत नाही, ताईंच्या पगारासाठी तर नाहीच, कारण तो 'प्रशासकीय खर्च'. भारताने २०१३ च्या कंपनी कायद्यात ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करणं बंधनकारक केलं, आणि मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे असले एकवेळचे कार्यक्रम त्यात धरायचे नाहीत असंही पुढे २०१४ मध्ये स्पष्ट केलं. ते वाचून मला बरं वाटलं होतं. एक दिवस येऊन जाणं आणि काम करणं यातला फरक कुठेतरी सरकारी भाषेत का होईना, लिहिला गेला. पण कायदा खर्च बघतो, ढीग कुणी घातला ते बघत नाही. ॲमेझॉनच्या समभागांतून श्रीमंत झालेल्या मॅकेन्झी स्कॉट गेली काही वर्षं अब्जावधी डॉलर अटींशिवाय वाटताहेत: हे घ्या, तुम्हाला कळतं कुठे लावायचे. ते वाचलं तेव्हा मला आधी आठवला माझा ईमेल. चार अटींचा. आमची रक्कम त्यांच्या रकमेपुढे चिमूटभर, आणि अटी मात्र मूठभर.

तरीही मी समितीत हे सगळं मांडलं तेव्हा जे झालं ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. कुणी खलनायक निघालं नाही. आमच्या एचआरमधल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "तू म्हणतेस तसं दोघा-दोघांनी दर आठवड्याला जायचं ठरवलं तर वर्षाला किती जण जातील? दहा. हे बेचाळीस जण त्या दिवसाआधी कधी कुठल्या संस्थेत गेले होते? त्यातले चार जण आता दरमहा पैसे देतात, मी यादी दाखवू?" त्यांनी दाखवली. खरंच चार होते. मी गप्प बसले. म्हणजे त्या ढिगाचाही काही उपयोग झाला होता, फक्त तो पुस्तकांना झाला नव्हता. हे मला पटलं आणि पटलंही नाही. अजूनही तसंच आहे.

मग मी एकटीच जायला लागले. गुरुवारी ऑफिसनंतर, टी-शर्ट न घालता. पहिल्या दिवशी ताईंना कळेना की मला काय काम द्यायचं. त्या अवघडून म्हणाल्या, "आज काही काढून ठेवलेलं नाही." मी म्हटलं, बरंच झालं. तासभर नुसती बसले. मुलं येत होती, पुस्तक परत देत होती, ताई जाड रजिस्टरात बोट फिरवून नाव शोधत होत्या. एका मुलाला पुस्तक नाकारलं गेलं कारण त्याने आधीचं परत केलं नव्हतं, तो म्हणे केलं होतं, आणि नोंद सापडेपर्यंत तो कंटाळून निघून गेला. घरी जाऊन मी एक साधी स्प्रेडशीट केली. पुस्तकाचा क्रमांक, मुलाचं नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. पंधरा दिवसांवर गेलं की ओळ आपोआप पिवळी. माझ्या नोकरीत असलं काही कुणाला दाखवायची मला लाज वाटेल. ताईंनी ती शीट वापरायला महिना घेतला. आधी त्यांनी तारखा शब्दांत लिहिल्या, मग दोन रकाने एकत्र केले, मग एका गुरुवारी सगळ्या ओळी पिवळ्या झाल्या आणि त्या घाबरून गेल्या. दर वेळी मी दुरुस्त करायचे आणि दर वेळी मला कळायचं की चूक माझी आहे. पुस्तक ज्या नावावर जातं ते मूल आणि पुस्तक वाचणारं मूल एकच असतं, हे मीच गृहीत धरलं होतं. तिथे मोठी बहीण पुस्तक नेते आणि धाकटा वाचतो. ताईंनी एक रकाना हाताने वाढवला आणि त्याला नाव दिलं: 'खरा वाचक'. असा रकाना मला वीस वर्षांच्या नोकरीत सुचला नव्हता.

पोर्टलवर मी हे तास भरत नाही. तत्त्व वगैरे काही नाही, सुरुवातीला भरायचे. पण लाभार्थी संख्येपाशी दर वेळी अडायला व्हायचं. कधी एक लिहावंसं वाटायचं, कधी ताईंचं नाव, आणि 'खरा वाचक' आल्यापासून तर तिथे कुणाला मोजायचं तेच कळेना.

मागच्या गुरुवारी मी पोचले तेव्हा ताई फोनवर होत्या. "हो सर. हो, पन्नास जणांना होईल. हो, एका दिवसात." पलीकडची कंपनी दुसरी होती, पण प्रश्न माझेच असावेत, कारण उत्तरं मला ओळखीची वाटली. फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी म्हणेन असं त्यांना वाटलं असावं. मलाही वाटलं होतं. शीट उघडी होती, चार ओळी पिवळ्या होत्या. बाहेर मुलं चपला काढत होती.

"परवा आहे," त्या म्हणाल्या. "कुठलं कपाट काढायचं?"

मी उठून कपाटांसमोर उभी राहिले. ३९८ ला हात लावायचा नव्हता, लोककथा रोज जातात. "शेवटचं काढू," मी म्हटलं. "त्यात शब्दकोश आहेत. जाड असतात, ढीग मोठा दिसेल. आणि परत लावायला सोपे."

ताई हसल्या. मग आम्ही दोघींनी सतरंजी अंथरली. मी वरच्या फळीवरून पुस्तकं खाली देत गेले आणि त्या प्रत्येक गठ्ठ्यात, कुणाला दिसणार नाही अशी, क्रमांकाची एक एक चिठ्ठी सरकवत गेल्या.